प्रथिनाच्या घडीतले सोने : एका कृतीची फेरतपासणी

सोन्याचा रंग पिवळा, हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. पण हेच सोने अतिशय बारीक कणांच्या रूपात पाण्यात विखुरले, तर पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली हे प्रयोगाने दाखवले. त्याहूनही बारीक, म्हणजे अवघ्या दोन-तीन डझन अणूंचा एक, असे गुच्छ केले तर आणखी वेगळेच घडते. साध्या उजेडात ते द्रावण काळपट तपकिरी, काढ्यासारखे दिसते; पण अतिनील दिव्याखाली धरले की निखाऱ्यासारखे लाल उजळते. अशा गुच्छांना 'नॅनोक्लस्टर' म्हणतात. या लेखात आपण त्यांना अणुगुच्छ म्हणू.

हे अणुगुच्छ बनवण्याची एक सोपी कृती गेल्या दीड दशकात जगभर पसरली. सोन्याचा क्षार आणि एखादे प्रथिन एकत्र करायचे, थोडा दाहक सोडा घालायचा आणि रात्रभर उबेत ठेवायचे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत, परिसंवादांतल्या भित्तिपत्रकांत आणि लोकप्रिय विज्ञानलेखनात ही कृती आता स्थिरावली आहे. तिच्याबरोबर काही ठरावीक वाक्येही स्थिरावली आहेत : 'प्रथिन सोन्याचे २५ अणू आपल्या पोटात धरते', 'ही क्रिया शरीरासारख्या सौम्य परिस्थितीत घडते', 'ही पद्धत पर्यावरणस्नेही आहे', 'याने पाण्यातला पारा अचूक ओळखता येतो'. ही वाक्ये कितपत खरी आहेत? इस्लामपूर परिसरातील काही विज्ञान शिक्षकांबरोबर आम्ही मूळ शोधनिबंध ओळीओळीने वाचला. त्या वाचनातून निघालेले प्रश्न येथे मांडत आहोत. त्यांपैकी बहुतेक प्रश्नांसाठी अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रापलीकडे काही लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मूळ कृती

हा निबंध २००९ साली 'जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी'मध्ये प्रसिद्ध झाला. सिंगापूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइंजिनिअरिंग अँड नॅनोटेक्नॉलॉजी या संस्थेतील जियानपिंग शी, युआनगांग झेंग आणि जॅकी यिंग हे त्याचे लेखक. निबंध फक्त दोन पानांचा आहे.

कृती अशी. क्लोरोऑरिक आम्लाचे १० मिलिमोलर द्रावण ५ मिलिलिटर घ्यायचे. त्यात गुरांच्या रक्तद्रवातील अल्ब्युमिन या प्रथिनाचे, दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम या प्रमाणातले, ५ मिलिलिटर द्रावण घालायचे. तापमान ३७ अंश सेल्सिअस ठेवायचे. दोन मिनिटांनी सोडिअम हायड्रॉक्साइडचे १ मोलर द्रावण अर्धा मिलिलिटर घालायचे आणि मिश्रण १२ तास ढवळत ठेवायचे. फिकट पिवळे द्रावण हळूहळू गडद तपकिरी होते. अतिनील प्रकाशात ते लाल उजळते. या लाल प्रकाशाची सर्वाधिक तीव्रता ६४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास असते.

क्लोरोऑरिक आम्ल हे नाव अपरिचित वाटले, तरी पदार्थ आपल्या जिल्ह्याला परका नाही. सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई व्यावसायिक देशभर सोने-चांदी शुद्ध करण्याचे काम करतात. नुसत्या तेजाबात, म्हणजे नत्राम्लात, चांदी आणि तांबे विरघळतात, सोने विरघळत नाही. या फरकावरच सोने वेगळे काढण्याची त्यांची जुनी रीत उभी आहे. सोनेही विरघळवायचे असेल तर नत्राम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण, म्हणजे अम्लराज, लागते. अम्लराजात सोने विरघळले की जे पिवळे द्रावण मिळते, त्यात हेच क्लोरोऑरिक आम्ल असते. त्यात सोन्याच्या प्रत्येक अणूने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. त्याला पुन्हा धातुरूप द्यायचे तर ते इलेक्ट्रॉन कोणीतरी परत द्यायला हवेत, म्हणजेच सोन्याचे क्षपण व्हायला हवे.

या कृतीत बाहेरून वेगळा क्षपणकारक घालत नाहीत. ते काम प्रथिनच करते. निबंधाच्या लेखकांच्या मते हे काम मुख्यतः टायरोसीन या अमिनो आम्लाचे. टायरोसिनला एक फेनॉल गट असतो. सामू १० च्या वर गेला की त्यातला हायड्रोजन सुटतो आणि त्याची इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता बरीच वाढते. दाहक सोडा घालण्याचे कारण हेच. शिवाय या अल्ब्युमिनच्या एका रेणूत ३५ सिस्टीन असतात. त्यांच्यातल्या गंधकाची सोन्याशी जवळीक जुनी आणि सर्वश्रुत आहे. एकच रेणू सोन्याला इलेक्ट्रॉन देतो आणि तयार झालेल्या गुच्छाला वेढून बसतो. त्यामुळे गुच्छ एकमेकांना चिकटून मोठे होत नाहीत.

या कामाचे मोल आधी मान्य करायला हवे. धातुरूप सोन्याचा तुकडा प्रकाशाने उजळत नाही असे आपण म्हणतो. काटेकोरपणे पाहिले तर तो अत्यल्प उजळतो. १९६९ साली मूरेडियन यांनी ते मोजले, तेव्हा शोषलेल्या सुमारे दहा अब्ज प्रकाशकणांमागे एक प्रकाशकण बाहेर पडत होता. प्रथिनातल्या अणुगुच्छांच्या बाबतीत शंभर प्रकाशकणांमागे सहा बाहेर पडतात. हा फरक कोट्यवधी पटींचा आहे. पेशींमधले नैसर्गिक पदार्थ अतिनील प्रकाशात बहुधा निळे-हिरवे उजळतात. त्या पार्श्वभूमीवर लाल खूण वेगळी उठून दिसते. आणि मुख्य म्हणजे ही कृती ज्याने केली त्याला ती साधते. पुढे लायसोझाइम या अंड्याच्या पांढऱ्यातल्या आणि लॅक्टोफेरिन या दुधातल्या प्रथिनानेही असे लाल उजळणारे सोने मिळाले. तेव्हा उजळणे खरे आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो उजळते ते नेमके काय, याबद्दल.

पहिला प्रश्न : हिशेब जुळतो का?

पुस्तकांत आणि भित्तिपत्रकांत एक चित्र हमखास असते. गुंडाळलेल्या लोकरीसारखा प्रथिनाचा एक रेणू आणि त्याच्या मधोमध सोन्याच्या २५ गोळ्यांचा गुच्छ. एक प्रथिन, एक गुच्छ. आता कृतीतले आकडे घेऊन मोलचे साधे गणित करू.

सोन्याचे द्रावण १० मिलिमोलर. त्याच्या ५ मिलिलिटरांत ५० मायक्रोमोल सोने. प्रथिनाचे द्रावण दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिलिटरांत २५० मिलिग्रॅम. या प्रथिनाचा रेणुभार सुमारे ६६,४००. भागाकार केला तर प्रथिन सुमारे ३.८ मायक्रोमोल भरते. आता ५० ला ३.८ ने भागा. उत्तर साधारण १३. म्हणजे भांड्यात प्रथिनाच्या प्रत्येक रेणूच्या वाट्याला सोन्याचे फक्त १३ अणू येतात.

पंगतीत माणशी १३ जिलब्या पुरतील एवढाच साठा आहे आणि छायाचित्रात मात्र प्रत्येकाच्या पानात २५ जिलब्या दिसत आहेत, असा हा प्रकार झाला. छायाचित्र खरे असेल, तर निम्म्या लोकांची पाने रिकामी असली पाहिजेत.

हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता आणि त्याचे चांगले उत्तर आपल्याच देशातून आले. मद्रास आय.आय.टी.मधील कमलेश चौधरी, लुर्दू झेवियर आणि थलप्पिल प्रदीप यांनी २०११ साली 'ए.सी.एस. नॅनो' या नियतकालिकात ही क्रिया टप्प्याटप्प्याने मोजून दाखवली. दाहक सोडा घालण्याआधी, उदासीन सामूला, प्रथिनाच्या रेणूला सोन्याचे १३ ते १४ अणू चिकटलेले त्यांना आढळले. आपल्या भागाकाराशी हे चांगले जुळते. या वेळी सोने धातुरूप नसते. प्रत्येक अणूने एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो आणि द्रावण उजळत नाही. सामू १२ च्या वर गेला की उजळणे सुरू होते आणि तेव्हा दर रेणूमागे सुमारे २५ अणू दिसतात. त्याच सुमारास, काही प्रमाणांत, सोने नसलेले मोकळे प्रथिनही मिश्रणात दिसू लागते.

म्हणजे रिकामी पाने सापडली! काही रेणूंचे सोने त्यांना सोडून दुसऱ्या रेणूंकडे जाते. अंतिम द्रावण हे भरलेल्या आणि रिकाम्या प्रथिनांचे मिश्रण असते. 'एक प्रथिन, एक गुच्छ' हे चित्र भांड्यातल्या निम्म्या रेणूंबद्दलही जेमतेम खरे ठरते. तरीही ते चित्र छापले जाते, कारण ते सुबक आहे. आमच्या मते, बारावीच्या वर्गात मोल ही संकल्पना शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. ज्यासाठी महागडे यंत्र लागले ती शंका कागद-पेन्सिलीने आधीच घेता आली असती, हे विद्यार्थ्यांना कळेल.

दुसरा प्रश्न : पंचवीस हा आकडा आला कोठून?

तो आला वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रातून. आधी नुसत्या प्रथिनाचे वस्तुमान मोजायचे, मग उजळणाऱ्या पदार्थाचे. फरक सोन्याचा. सोन्याच्या एका अणूचे वस्तुमान १९७. २५ अणूंचे ४,९२५. साधारण एवढी वाढ दिसली म्हणून २५ अणू. यात गैर काही नाही. पण या मोजणीतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे वेगळे करायला हवे. एखाद्या माणसाचे वजन बाजारात जाऊन आल्यावर पाच किलोने वाढले, तर त्याच्याजवळ पाच किलोचा माल आहे एवढेच कळते. तो एका पिशवीत आहे की चार खिशांत वाटलेला आहे, हे तराजू सांगत नाही. तसेच २५ अणू एका प्रथिनाला चिकटले आहेत, यावरून ते एकत्र येऊन एकच गुच्छ झाला आहे असे सिद्ध होत नाही.

या आकड्याला आधार म्हणून एक सूत्रही अनेकदा पुढे केले जाते. अणुगुच्छातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा काढण्यासाठी सोन्याच्या फर्मी ऊर्जेला, म्हणजे सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टला, अणुसंख्येच्या घनमुळाने भागायचे. २५ चे घनमूळ २.९२. भागाकार १.८८ येतो, म्हणजे तरंगलांबी सुमारे ६६० नॅनोमीटर. प्रत्यक्षात दिसते ६४०. जवळच आहे, म्हणून आपण समाधान मानतो. पण येथे थांबू नये. हेच सूत्र २३ अणूंना लावले तर उत्तर जवळजवळ नेमके ६४० येते! मग २५ का, २३ का नाही? आणि २३ अणूंचे गुच्छ दुसऱ्या रीतीने बनवले गेले आहेत. जॉर्जिया टेकमधील रॉबर्ट डिक्सन यांच्या गटाने २००४ साली शाखायुक्त कृत्रिम रेणूंमध्ये असे गुच्छ तयार केले. पाच आणि आठ अणूंच्या गुच्छांना हे सूत्र सुरेख लागू पडले. २३ अणूंचे गुच्छ मात्र ७५० नॅनोमीटरच्या आसपास उजळले. म्हणजे आपल्याला हवे त्या टोकाला सूत्र आधीच ढिले पडलेले आहे. जेथे सूत्र चालत नाही हे ठाऊक आहे, तेथे ते योगायोगाने जुळले तर त्याला पुरावा म्हणू नये.

याहून मूलभूत आक्षेप २०१८ साली आला, तोही ज्या नियतकालिकात मूळ निबंध छापला होता त्याच नियतकालिकात. अमेरिकेतील शार्लट येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या जेकब डिक्सन आणि शुंजी एगुसा यांनी असे मांडले, की हा लाल प्रकाश धातूच्या गुच्छाचा मानण्याची गरज नाही. अल्कली माध्यमात प्रथिनाची घडी बदलते, काही ठरावीक जागा उघड्या पडतात, तेथे सोन्याचे आयन बांधले जातात आणि या संयुगामुळे लाल प्रकाश मिळतो. त्यांच्या मांडणीत मुख्य भूमिका प्रथिनाच्या घडीला आहे. 'सोन्याचे बी रुजून गुच्छ वाढला' ही कथा बाजूला पडते.

शिक्षकांना ही शंका परकी वाटू नये. प्रथिनाचे द्रावण, त्यात दाहक सोडा आणि वर धातूच्या क्षाराचे काही थेंब : ही मांडणी आपण दरवर्षी करतो. ती बाययुरेट परीक्षा होय. अंड्याच्या पांढऱ्यात सोडिअम हायड्रॉक्साइड आणि मोरचूद घातले की जांभळा रंग येतो. तो रंग पाहून 'तांब्याचा गुच्छ तयार झाला' असे कोणी म्हणत नाही. तांब्याचे आयन प्रथिनाच्या साखळीतल्या नायट्रोजनशी बांधले गेले, असे आपण सांगतो आणि ते बरोबर असते. मग तांब्याच्या जागी सोने आले म्हणून तोच विचार आधी तपासून का पाहू नये? तांबे आणि सोने यांच्या वागण्यात मोठा फरक आहे, हे खरे. सोन्याचे क्षपण फार सहज होते. धातुरूप सोने तयार झाल्याच्या खुणा अनेक प्रयोगशाळांनी नोंदवल्या आहेत. म्हणून हा वाद एका बाजूने सुटला असे आम्ही म्हणत नाही. कदाचित द्रावणात दोन्ही गोष्टी असतील. पण वाद चालू आहे, ही माहिती विद्यार्थ्यापर्यंत पोचलीच पाहिजे.

यावर निर्णायक उत्तर म्हणजे स्फटिक करून क्ष-किरणांनी रचना पाहणे. गंधकयुक्त लहान रेणूंनी वेढलेल्या २५ अणूंच्या सुवर्णगुच्छाची रचना २००८ साली अशी उलगडली. त्यात एक अणू मध्यभागी, बारा त्याच्याभोवती आणि उरलेले बारा बाहेरच्या कवचात बसलेले दिसतात. प्रथिनाच्या पोटातही असेच असणार, हे अनुमान बहुधा या रचनेवरून उचलले गेले. पण सगळे गुच्छ एकसारखे नसले तर चांगला स्फटिक मिळणे दुरापास्त. भरलेली आणि रिकामी प्रथिने एकत्र असणाऱ्या मिश्रणापुढची अडचण हीच आहे, आणि मद्रासच्या निबंधातही एकसारखेपणावर भर आहे तो यासाठीच.

तिसरा प्रश्न : 'सौम्य' आणि 'हरित' म्हणजे काय?

३७ अंश सेल्सिअस हे शरीराचे तापमान खरे. पण शरीराचे तापमान म्हणजे शरीराची परिस्थिती नव्हे. रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो, आणि त्यात थोडा जरी बदल झाला तर जीव धोक्यात येतो. या कृतीत सामू १२ लागतो. सामूची मोजणी लॉगरिथमवर आधारलेली आहे, म्हणून ७.४ आणि १२ यांतला फरक अल्कतेच्या दृष्टीने सुमारे चाळीस हजार पटींचा पडतो. एवढ्या अल्कली द्रावणात प्रथिनाची मूळ घडी टिकत नाही. आणि उदासीन सामूला द्रावण उजळत नाही, हे २०११ च्या मोजमापांतून स्पष्ट झालेलेच आहे. तेव्हा 'सजीव जसे शंख-शिंपले घडवतात तसे प्रथिन सोने घडवते' ही उपमा मोहक असली तरी ताणलेली आहे. ज्या प्रथिनाची घडी आपण उलगडून टाकली, त्याच्या नैसर्गिक घडीला श्रेय देता येत नाही.

'हरित' या शब्दाचाही हिशेब मांडू. ५० मायक्रोमोल सोने म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅम, जुन्या मापात गुंजेचा बारावा भाग. तेवढ्या सोन्यासाठी २५० मिलिग्रॅम शुद्ध केलेले प्रथिन खर्ची पडते, म्हणजे सोन्याच्या पंचवीसपट. सोन्याचा क्षार बनवताना अम्लराज आणि त्याचे विषारी वायू आलेच. ते दुसऱ्याच्या कारखान्यात निघाले म्हणून नाहीसे होत नाहीत. या कृतीत टोल्युइनसारखे द्रावक किंवा सोडिअम बोरोहायड्राइड वापरावे लागत नाही, हा फायदा खरा आहे आणि तो तेवढ्याच शब्दांत सांगावा. 'हरित' हा मोठा शब्द त्यासाठी खर्चू नये.

हा शब्द आपल्याकडे कसा पसरला, याचाही विचार व्हावा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्काने सोन्याचे चपटे त्रिकोणी कण बनवले. ते काम २००४ साली 'नेचर मटेरियल्स'मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कामात त्रिकोण का होतात, हा खरा प्रश्न होता. त्यानंतर मात्र तुळस, कडुनिंब, शेवगा अशी एकेक वनस्पती घेऊन तेच करण्याची लाट आली. प्रथिनांच्या बाबतीतही तोच क्रम दिसतो : एक प्रथिन, एक निबंध. पान बदलले किंवा प्रथिन बदलले म्हणजे प्रश्न बदलत नाही. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात तुटपुंज्या साधनांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण असा प्रश्न नसलेला विषय देतो, तेव्हा त्याची दोन वर्षे खर्ची पडतात आणि हाती येतो तो फक्त एक लाल फोटो. आम्हाला यातली सर्वांत चिंतेची बाब ही वाटते.

चौथा प्रश्न : दिवा विझला, पण कोणामुळे?

या अणुगुच्छांचा सर्वांत गाजलेला उपयोग म्हणजे पाण्यातला पारा ओळखणे. पाऱ्याचे आयन आले की लाल प्रकाश मंदावतो. शी, झेंग आणि यिंग यांनीच २०१० साली हे दाखवले. त्यांनी दिलेली मर्यादा होती ०.५ नॅनोमोलर. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात पारा लिटरला ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. हिशेब केला तर ही मर्यादा सुमारे ५ नॅनोमोलर होते. म्हणजे पद्धत गरजेच्या दहापट संवेदनशील. येथपर्यंत उत्तम.

पण याच अल्ब्युमिन-सोन्याच्या द्रावणाने सायनाइड ओळखता येते, असा निबंध २०१० मध्ये आला. २०११ मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेतील संशोधकांनी अशा सुवर्णगुच्छांनी जिवंत पेशींतले तांबे ओळखता येते असे दाखवले. हायड्रोजन पेरॉक्साइडसाठीही प्रथिनातल्या सुवर्णगुच्छांचा वापर सुचवला गेला. यातला प्रत्येक निबंध आपापल्या जागी काळजीपूर्वक केलेला असू शकतो. प्रत्येकात इतर आयनांची यादी घेऊन 'यांचा परिणाम होत नाही' असा तक्ताही असतो. पण हे सगळे निबंध शेजारी शेजारी ठेवून वाचले की वेगळाच अर्थ निघतो. एकच दिवा चार वेगवेगळ्या वाऱ्यांनी विझत असेल, तर विझलेला दिवा पाहून कोणता वारा आला हे कसे सांगणार?

कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. त्यात क्षार आहेत, खतांचे अंश आहेत, पाने कुजून आलेले सेंद्रिय पदार्थ आहेत. तांबे तर बोर्डो मिश्रणाच्या रूपाने द्राक्षबागांतून फवारले जाते. अशा पाण्यात प्रकाश मंदावला आणि कोणी 'पारा आहे' असे जाहीर केले, तर एका गावाला विनाकारण घबराट सहन करावी लागेल. उलट दुसऱ्या एखाद्या पदार्थाने पाऱ्याला आधीच बांधून ठेवले असेल, तर प्रकाश कायम राहील आणि धोका कळणार नाही. म्हणून उजळणे 'मंदावणाऱ्या' परीक्षेपेक्षा उजळणे 'सुरू करणारी' परीक्षा सामान्यतः जास्त विश्वासाची. आणि कोणत्याही नव्या परीक्षेची खरी कसोटी स्थानिक पाण्याच्या नमुन्यांवर, प्रमाणित पद्धतीशी ताडून व्हायला हवी. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात पारा मिसळून केलेली मोजणी ही फक्त पहिली पायरी आहे.

वर्गात काय करता येईल?

सोन्याचा क्षार शाळेला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. वरचे चारही प्रश्न साध्या साहित्यातून वर्गात आणता येतात. नोटा तपासण्यासाठी दुकानदार वापरतात तो छोटा अतिनील दिवा मिळवा. त्याच्याकडे थेट पाहू नये आणि तो कोणाच्या डोळ्यांवर धरू नये, हे आधी बजावा.

पालकाची पाने कुस्करून स्पिरिटमध्ये भिजवा आणि गाळून घ्या. हिरवे द्रावण अंधाऱ्या खोलीत त्या दिव्याखाली लाल उजळते. शोषलेला प्रकाश एका रंगाचा आणि बाहेर पडणारा दुसऱ्या रंगाचा, हे तत्त्व येथेच स्पष्ट होते. प्रतिदीप्ती ती हीच.

मग टॉनिक वॉटर घ्या. त्यातल्या क्विनीनमुळे ते निळे उजळते. दोन पेल्यांत सारखे ओता. एकात मीठ विरघळवा. क्लोराइड आयनांमुळे निळा प्रकाश मंदावतो. दुसऱ्यात गडद रंगाच्या शाईचे थेंब टाका. तेथेही प्रकाश मंदावतो, पण कारण वेगळे : शाई प्रकाशच शोषून घेते. आता एक तिसरा पेला मुलांच्या नकळत तयार करा. त्यात थोडे मीठ आणि शाईचा अगदी अल्प अंश घाला. मुलांना फक्त दिव्याखालचा उजेड पाहू द्या आणि विचारा : यात मीठ किती आहे? काही मुले आकडा सांगतील. एखादी मुलगी म्हणेल, नुसते एवढ्यावरून सांगता येणार नाही. तिला पुढचा प्रश्न विचारा : सांगता यावे म्हणून आणखी कोणती चाचणी करशील?

या मुलीची शंका आणि २००९ नंतरच्या निबंधांनी विचारायला हवी होती ती शंका, या एकच आहेत. प्रथिनातले सोने लाल उजळते, ही गोष्ट सुंदर आहे आणि खरीही आहे. ते का उजळते, किती अणू एकत्र असतात आणि त्या उजेडावर आपण किती विसंबावे, हे तीन प्रश्न अजून उघडे आहेत. पाठ्यपुस्तकातल्या सुबक चित्राखाली ते लिहून ठेवायला एक ओळ पुरते. ती ओळ शिक्षकांनी फळ्यावर जरूर लिहावी.